कळवणच्या वाटेवर पुली गेली तेव्हा

नाशिक ते वणी

नाशिकहून कळवणला जायला गाडीने दोन-अडीच तास पुरतात. दिंडोरी, वणी, नांदुरी, अभोणा अशी वाट. डिसेंबरात गेलात तर डाव्या-उजव्या हाताला द्राक्षांच्या बागा, पुढे डोंगर आणि डोंगरापलीकडे कांद्याची लागवड. मी लहानपणापासून या रस्त्याने गेले आहे. पण त्या दिवशी आम्हाला आठ तास लागले, आणि त्यातले पाच तास मी जन्मात विसरणार नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, आप्पा. आप्पा शहात्तर वर्षांचे. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. आता त्यांची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. दोन वर्षांपासून नाकाला नळी आणि बरोबर ऑक्सिजनचं मशीन, शाळेच्या दप्तराएवढं. घरी ते भिंतीच्या सॉकेटवर चालतं, गाडीत चार्जरच्या सॉकेटवर. त्याची स्वतःची बॅटरी दोन तास टिकते. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं.

पण जिजाआत्याला दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. आप्पांची ही एकुलती एक धाकटी बहीण. कळवणच्या पुढे तिचं गाव. तोपर्यंत दोघं रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे. झटक्यात आत्याची वाचा गेली. आप्पा फोन लावायचे, पलीकडून नुसता घशातला आवाज यायचा, आणि आप्पा फोन कानाला लावून बसून राहायचे. असं पंधरा दिवस पाहिलं आणि मीच म्हटलं, "आप्पा, जाऊन येऊ या."

नवरा कामानिमित्त बाहेरगावी होता. तो फोनवर म्हणाला, ड्रायव्हर घेऊन जा. मी ऐकलं नाही. गाडी छोटी, डिझेलची, बारा वर्षं मीच चालवते. मागच्या सीटवर आप्पा आणि मशीन, डिकीत एक लहान ऑक्सिजन सिलिंडर. अडचण आलीच तर तास-दीड तास निघेल, एवढा भरलेला.

सकाळी आठला निघालो. दिंडोरीपर्यंत आप्पा खुशीत होते. बागांत घड भरायला लागले होते, सकाळचं धुकं अजून वेलींच्या खाली अडकलेलं होतं. ओझरखेडच्या धरणापाशी त्यांनी काच खाली करायला लावली. थंड वारा आत आला आणि त्याबरोबर बॉनेटमधून एक बारीक खळखळ ऐकू आली. डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तशी. मी आप्पांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते. मी काच वर केली.

वणीत चहाला थांबलो. आप्पा गाडीतच बसले. मी चहा आणि गरम भजी घेऊन आले. इंजिन बंद करताना शेवटी एक चिरका आवाज आला होता. तो ऐकून चहावाला म्हणाला, "ताई, बेल्ट बघून घ्या एकदा."

"घेते," मी म्हटलं, आणि घेतलं नाही. वणीत बघायला लावलं तर तास मोडेल, आप्पांना त्रास होईल, असं मनाला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. गाडी दाखवली तर मेकॅनिक म्हणणार, पुढे जाऊ नका. आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

नांदुरीच्या पुढे

नांदुरीला आप्पांनी गाडीतूनच गडाकडे हात जोडले. गाव मागे पडलं आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला. आधी लुकलुकला, मग लागला तो लागलाच.

आप्पांनी तो मागच्या सीटवरून माझ्याआधी पाहिला. "मशीनची पिन काढ," ते म्हणाले.

"का?"

"डायनामो चार्ज करत नाहीये. गाडी आता नुसत्या बॅटरीवर चाललीय. मशीन तीच बॅटरी खातंय." एवढं बोलायला त्यांना तीन वेळा थांबावं लागलं.

मी गाडी न थांबवता हात मागे नेला आणि पिन उपटली. मशीन स्वतःच्या बॅटरीवर गेलं. मी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. म्हणजे सव्वाबारापर्यंत. अजून तासाभराचा रस्ता. पोचू. पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, मोबाईलचा चार्जरही काढला. गाडीत फक्त मशीनचा आवाज उरला. ते श्वासागणिक फुस्स करतं. मी त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागले होते.

चारेक किलोमीटर गेलो असू. खळखळीचा खरखराट झाला आणि रबर जळाल्याचा वास आला. मी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण एवढं दिसलं की बेल्टच्या कडेचे धागे निघून दाढीसारखे लोंबत होते, आणि ज्या चाकावरून तो फिरतो त्यातलं एक चाक तिरकं झालं होतं. हात लावला तर चटका बसला.

"ढिली झालीय का पुली?" आप्पांनी आतून विचारलं.

"हो."

"मग चालवू नकोस. बेल्ट तुटला तर इंजिनचं पाणी फिरायचं बंद होईल."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फोनला रेंजची एक काडी यायची, जायची. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे, मोकळी झाली की पाठवतो, असं पलीकडचा मुलगा सांगत असतानाच रेंज गेली.

खालच्या वावरात सात-आठ बायका कांदे लावत होत्या. वाकलेल्या पाठी, हातात रोपांच्या जुड्या. मी बांधावरून हाक मारली. कशी मारली कोण जाणे, सगळ्याजणी एकदम उभ्या राहिल्या.

त्यातली एक चिखलाच्या पायांनी वर आली. पन्नाशीची, डोक्याला फडकं बांधलेलं. त्या हिराबाई. वावर त्यांचंच होतं. आमच्या नाशिकच्या कॉलनीत दाराला जाळी असते आणि जाळीआडून पहिला प्रश्न येतो, कोण पाहिजे? हिराबाईंनी आम्ही कोण ते विचारलंच नाही. काचेतून आप्पांकडे पाहिलं, नाकातली नळी पाहिली आणि म्हणाल्या, "यांना लाईट लागंल ना? आमचं घर ते काय, आंब्याखाली. घरी लाईट हे."

घर दोनशे पावलांवर होतं. पण आप्पांना घरात संडासापर्यंत जाताना दम लागतो. मी तसं सांगितलं. हिराबाईंनी खाली हाक मारली आणि दोघीजणी पळत जाऊन घरातून बाज घेऊन आल्या. आप्पांना तिच्यावर बसवलं. मशीन त्यांच्या मांडीवर दिलं. आणि चार बायकांनी चार खूर खांद्यावर घेतले.

मी मागून चालत होते. पुढे चौघींच्या खांद्यावर माझे वडील, पांढऱ्या टोपीतले, हलत-डुलत चाललेले. मला ते बघवेना. मी नजर खाली घालून नुसते त्या बायकांचे पाय बघत चालले. बांधावर एकीचा पाय घसरला, बाज कलली, आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

आप्पांनी एका हाताने मशीन धरलं, दुसऱ्याने बाजेची दोरी. मग ते त्या बाईला म्हणाले, "हळू, माय. आजून जित्ता शे मी."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. पण एक गोष्ट मला जाणवली, की आप्पा अहिराणी बोलले होते. नाशिकला आल्यापासून ती भाषा त्यांनी फक्त आत्यासाठी ठेवली होती.

हिराबाईंचं अंगण

ओसरीवर बाज टेकवली, मशीनची पिन भिंतीत लावली, चार्जिंगची हिरवी खूण आली. मी खांबाला टेकून खालीच बसले. हिराबाईंनी पाणी आणि गुळाचा खडा दिला आणि स्वतःच्या फोनवरून अभोण्याच्या मेकॅनिकला बोलावलं. "आमचा ट्रॅक्टर तेच बघतात. मालक पिकअप घेऊन कळवणच्या मार्केटला गेलेत, नायतर तुम्हाला नेऊन सोडलं असतं. तीनपर्यंत येतील ते."

मेकॅनिक तासाभराने मोटारसायकलवर आले. शकीलभाई. साठीचे, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांनी रस्त्यावर गाडी पाहिली आणि अल्टरनेटर, म्हणजे आप्पांचा डायनामो, खोलून हातात घेऊनच अंगणात आले. पुली बोटाने इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"हे बघा ताई, ही साधी पुली नाही. हिच्या आत क्लच असतो. सायकलचं मागचं चाक कसं, पायडल थांबवलं तरी पुढे फिरतं, पण पायडल मारलं की पकडतं? तसं. ही आता दोन्हीकडे मोकळी फिरते. बेल्ट फिरतो, पुली फिरते, आतला डायनामो जागेवर. आणि बेअरिंगपण गेलं."

"मिळेल का?"

"हीच पाहिजे तर नाशिक नाहीतर मालेगाव. आजचा दिवस गेला." त्यांनी ओसरीवर आप्पांकडे पाहिलं. "पण याच गाडीच्या जुन्या मॉडेलला साधी पुली यायची, आतून ठोस. माझ्याकडे भंगारात एक डायनामो पडलाय, त्याची बसेल. इंजिनला थोडा झटका जाणवेल, पण कळवण काय, नाशिकपण गाठाल. ती काढायचा पाना आणि बेल्ट आणायला दुकानात जावं लागेल. एक तास."

ते गेले. पाऊण वाजला होता. हिराबाईंनी बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीचं पिठलं आणि ठेचा पुढे ठेवला. आमच्याकडे पात आधी तेलात परततात, इथे ती वरून कच्चीच घातली होती, करकरीत. दोन घास खाल्ले असतील, आणि घरातला पंखा थांबला.

"गेली वाटतं," हिराबाई म्हणाल्या. त्यांना ते रोजचंच होतं.

मी हातातला घास खाली ठेवला. लाईट कमी दाबाची, त्यात मशीन चालूच, म्हणून बॅटरी पुरती भरली नव्हती; मशीनवर चार खुणांपैकी दोनच दिसत होत्या. "कधी येईल?"

"येईल दहा मिनिटात. नायतर मग चारला."

दहा मिनिटं गेली. वीस गेली. हिराबाईंच्या फोनवरून पुन्हा ॲम्ब्युलन्सला लावला, गाडी अजून मोकळी नव्हती. आप्पांच्या बोटाला लावायचा, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा मी दर दोन मिनिटांनी बघत होते. नव्वद. एकोणनव्वद. शेवटी आप्पांनीच तो काढून माझ्या हातात दिला. "बघत बसू नकोस. बघून वाढत नाही."

मग थोड्या वेळाने, आढ्याकडे बघत म्हणाले, "मंगल, दिंडोरीपासून ऐकत होतो मी तो आवाज."

"काय?"

"पुलीचा. कळत होतं मला. बोललो असतो तर... तू गाडी वळवली असतीस."

मला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तीस वर्षं प्रवाशांना जपलं आणि स्वतःच्या जिवाची ही किंमत? पण हे मी त्यांना सुनावू शकत नव्हते. कारण दोन दिवसांपूर्वी कामावर जाताना तोच लाल दिवा क्षणभर लुकलुकलेला मी पाहिला होता. आणि गप्प बसले होते. मी तसं सांगितलं. आप्पांनी मान हलवली, जणू त्यांना तेही ठाऊक होतं.

पावणेदोनला मशीनने पिप-पिप सुरू केलं. शेवटची खूण लाल झाली. मी धावत गाडीकडे गेले आणि डिकीतून सिलिंडर काखोटीला मारून आणला. नळी जोडली. आणि व्हॉल्व्ह उघडायला गेले तेव्हा लक्षात आलं, किल्ली नाही. आदल्या दिवशी सिलिंडर उघडून तपासला होता. किल्ली ओट्यावर ठेवली होती. ती नाशिकला ओट्यावरच होती.

मी पिशव्या उपड्या केल्या, डिकीतली चटई झटकली. हिराबाईंनी पकड आणली. व्हॉल्व्हच्या चौकोनी दांड्यावर ती लावून मी जोर केला. पकड सटकली, दांड्याची एक कड घासली गेली. पुन्हा लावली. पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही. चारही कडा गोल झाल्या तर तो कुणालाच उघडता येणार नव्हता.

मशीनचं पिप-पिप थांबलं आणि फुस्सही थांबलं. त्या शांततेत आप्पांच्या छातीचा आवाज ऐकू यायला लागला. ते उठून पुढे वाकून बसले, हात गुडघ्यांवर. ओठ जांभळट. हिराबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "बाबा, हळूहळू घ्या. नाकानं घ्या." मी चिमटा बोटाला लावला. ब्याऐंशी. मी आप्पांचा हात धरला आणि मनात एकच वाक्य फिरत होतं: मीच म्हटलं, जाऊन येऊ. मीच म्हटलं.

मोटारसायकलचा आवाज आला. मी ओसरीवरूनच ओरडले, "शकीलभाई, पाना! पाना आणा!"

त्यांना आधी कळेना. मग सिलिंडर दिसला. पिशवीतून एक पाना काढून ते धावतच आले. त्यांचे हात मनगटापर्यंत काळे होते, पान्यावर ग्रीस चमकत होतं. आणि तो दांड्याला टेकणार तोच मला सिलिंडर देणाऱ्याने बजावलेलं आठवलं. तेलाचा, ग्रीसचा हात याला लावायचा नाही, भडका उडतो.

"थांबा!" मी त्यांचं मनगट धरलं. "ग्रीस नको. धुवा आधी."

वडिलांचा श्वास अडलेला आणि मी माणसाला हात धुवायला सांगत होते. शकीलभाईंनी एक प्रश्न विचारला नाही. हिराबाईंनी तांब्या ओतला, त्यांनी साबणाने हात चोळले, पाना चोळला, पुन्हा धुतला, पुन्हा चोळला. हिराबाईंनी दोरीवरचं धुतलेलं लुगडं ओढून त्यांच्या हातात दिलं. पुसलं. वास घेऊन पाहिला. मग पाना दांड्यावर बसवला आणि बिस्मिल्ला म्हणत सावकाश फिरवला.

बारीक सू आवाज आला. मी नळी आप्पांच्या नाकाला लावली.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. शकीलभाई त्यांच्यासमोर उकिडवे बसून होते, ओले हात तसेच हवेत धरून. आप्पांनी डोळे उघडले. चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी आलं, मग नव्वद.

"चला ताई," शकीलभाई उठले. "आता तुम्हालापण काम आहे. आमचा सिलिंडर किती वेळ?"

ते "आमचा" म्हणाले.

"तासभर."

"मग तासात गाडी चालू."

त्यांनी अल्टरनेटर अंगणातल्या दगडावर ठेवला. पुलीच्या पोटात बसेल असा एक दातेरी पाना त्यांनी स्वतःच वेल्डिंग करून बनवला होता. त्याच्या भोकातून एक सळई आत गेली. "ही सळई धरा. दांडा हलू द्यायचा नाही. कितीही जोर आला तरी." मी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी पाना फिरवला. काही हललं नाही. त्यांनी पाय लावला. माझ्या तळव्यांत सळई रुतली. अचानक कट् असा आवाज आला आणि पुली सुटली. तिच्या भोकातून गंजाची लाल पूड माझ्या पायावर पडली. जुनी साधी पुली त्यांनी कपड्याने पुसून आट्यांवर फिरवून घट्ट केली. मग रस्त्यावर गाडीत सगळं परत बसवलं, नवा बेल्ट चढवला, आणि म्हणाले, "मारा सेल्फ."

बॅटरी अर्धमेली होती. पहिल्यांदा नुसतं कण्हली. दुसऱ्यांदा इंजिन लागलं. मी लाल दिव्याकडे बघत राहिले. तो विझला.

आत्याचं गाव

आप्पांना बाजेवरूनच गाडीत आणलं, मशीनची पिन गाडीच्या सॉकेटला लावली आणि चार वाजता पोचलो. आत्या दारातच खुर्चीवर होती, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. आप्पा उंबऱ्यापर्यंत माझ्या खांद्यावर भार देत आले. "जिजे," ते म्हणाले, "मी ऊनू." आलो, एवढंच सांगितलं.

आत्याने बराच वेळ पाहिलं. मग डावा हात उचलून त्यांच्या नाकातली नळी धरली आणि ओढायला लागली. लहान पोराच्या तोंडावरची काडी काढतात तशी. मी आणि तिची सून एकदम पुढे झालो. आप्पांनी आम्हाला थांबवलं, तिचं मनगट धरलं आणि नळी हळूच सोडवून घेतली. "राहू दे. ती मना श्वास शे."

आत्याच्या घशातून आवाज आला. फोनवर मी तोच ऐकला होता आणि मला तो भयाण वाटला होता. समोर बसून ऐकल्यावर कळलं की त्यात चढ-उतार होते. ती विचारत होती. आप्पा तिला उत्तरं देत होते. एकाला वाचा नाही, दुसऱ्याला दम नाही. दिवेलागण झाली तरी त्यांचं चाललं होतं. आईची आठवण निघाली, विहिरीची निघाली, कुणाच्या तरी म्हशीची निघाली. मी सुनेबरोबर चुलीपाशी बसले होते. तिने शेवभाजी केली होती, काळ्या मसाल्याची, डोळ्यांतून पाणी काढणारी. मी त्या पाण्याला मसाल्याचं नाव दिलं.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आत्या रडली नाही. तिने डाव्या हाताने आप्पांची टोपी सरळ केली.

अभोण्यात शकीलभाईंनी बेल्ट दाबून पाहिला. पुली चांगली आहे म्हणाले, पण नाशिकला जाऊन मूळची बसवून घ्या. मग मागच्या सीटवर वाकून त्यांनी धुतलेला पाना सिलिंडरशेजारी ठेवला. "हा राहू द्या तुमच्याजवळ." हिराबाईंचं वावर आलं तेव्हा मी हॉर्न वाजवला. वाकलेल्या पाठींतून एक हात वर आला.

लोकांना वाटतं संकट टळलं की भीती जाते. माझी गेली नव्हती. इंजिनचा झटका बसला की मी गाडी हळू करायचे. दर मिनिटाला नजर लाल दिव्यावर, मग आरशात आप्पांवर. वणी गेलं, धरण गेलं. दिंडोरीच्या अलीकडे आरशात पाहिलं तर आप्पांची मान एका बाजूला पडलेली, तोंड किंचित उघडं. इंजिनच्या आवाजात मला मशीन ऐकू येईना.

"आप्पा."

हालचाल नाही.

मी द्राक्षबागेच्या कडेला गाडी थांबवली. खाली उतरून मागच्या दाराकडे धावले. दार उघडलं आणि तळहात त्यांच्या नाकासमोर धरला.

आप्पांनी मान हलवली नाही, डोळे उघडले नाहीत.

"चालू आहे," ते म्हणाले. "चल तू."